मायक्रोकरंट फेशियलने चेहरा खरंच वर उचलला जातो का?

आरसपानी
नमस्कार मंडळी. खूप काळ वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. पंचेचाळिशी ओलांडली आणि हल्ली फोटोत जबड्याची रेघ सुटल्यासारखी दिसते, तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली बारीक पिशव्या, आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या त्या दोन रेषा तर आता हसले नाही तरी दिसतात. बोटॉक्स, फिलर नको (तात्त्विक वगैरे काही नाही, सुयांना घाबरते). पार्लरवालीने मायक्रोकरंट (चेहऱ्यावरून अगदी सौम्य वीज फिरवतात ते) सुचवलंय, दहा-बारा सिटिंग लागोपाठ आणि मग महिन्याला एक असं पॅकेज आहे. घरी वापरायचं दोन धातूच्या गोळ्यांचं यंत्रही मिळतं म्हणे. "विनाशस्त्रक्रिया फेसलिफ्ट", "चेहऱ्याची जिम" असं काय काय लिहिलेलं असतं त्यात तथ्य किती? कुणी केलंय का? शॉक बसतो का? आणि एक, बहीण म्हणते एकदा सुरू करून मध्येच सोडलं की चेहरा आधीपेक्षा जास्त लोंबतो. हे खरं असेल तर मी त्या वाटेला जाणारच नाही.

उनाडवारा
शॉक पॅकेजची किंमत ऐकताना बसतो, नंतरचं सगळं सौम्यच असतं. 😀
(जाणकार येईपर्यंत जागा अडवून बसलोय.)

मंजिरी_
मी घरचं यंत्र वापरते, बऱ्यापैकी नियमित. शॉक अजिबात नाही, उलट पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बंदच आहे की काय. कधीतरी मुंग्या येतात, तेही जेल वाळलं की. कपाळावर फिरवताना डोळ्यासमोर क्षणभर वीज चमकल्यासारखं होतं ते पहिल्या वेळी दचकवतं, आणि दाताजवळ गेलं की तोंडात धातूची चव येते. पद्धत अशी की चेहरा धुवायचा, पाण्याचं जेल जाड थापायचं, मग हनुवटीपासून कानाकडे, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या वरच्या टोकाकडे, भुवईपासून केसांकडे असं सावकाश ओढत न्यायचं आणि शेवटी दोन सेकंद धरून ठेवायचं. आधी अर्धाच चेहरा करून आरशात बघ, फरक डोळ्याला दिसतो, गालाचं हाड वर आल्यासारखं वाटतं आणि भुवई किंचित उंच. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं जैसे थे. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी करायला मला आवडतं. कायमचा फरक पडलाय का विचारशील तर मला वाटतं थोडा पडलाय, पण छातीठोक सांगता येणार नाही.

आरसपानी
वा, सविस्तर लिहिलंत मंजिरीताई. दुपारपर्यंत जैसे थे हे वाचून जरा हिरमुसले.

कुंपणावरचा
अर्ध्या चेहऱ्याची जादू प्रत्येक पार्लरात दाखवतात हो. अर्धा चेहरा नुसता खालून वर चोळला तरी तसंच दिसेल असा माझा कयास, पुरावा नाही. वाचतोय.

ओहमकार
मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्वचेतलं मला काही कळत नाही, करंटपुरतं बोलतो.

मायक्रोकरंट म्हणजे एक मिलिअँपिअरच्या आतला प्रवाह, म्हणजे मोजायचं मायक्रोअँपिअरमध्ये, १००० मायक्रोअँपिअर म्हणजे एक मिलिअँपिअर. चेहऱ्याची यंत्रं साधारण काही शे मायक्रोअँपिअरपर्यंत जातात. हे इतकं कमी आहे की बहुतेकांना काही जाणवत नाही, त्यामुळे मंजिरी_ यांना यंत्र बंद वाटलं यात नवल नाही.

आता जेलचं. त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर असतो तो कोरडा असताना विजेला भरपूर विरोध करतो. पाणी आणि क्षार असलेलं जेल लावलं की तो विरोध कमी होतो आणि प्रवाह पसरून आत जातो. तेल मात्र वीज वाहून नेत नाही, त्यामुळे चेहऱ्याला तेल, क्रीम किंवा तेलकट सीरम लावून वर यंत्र फिरवणं म्हणजे मधे रबर ठेवून फिरवण्यासारखंच. आणि जेल वाळलं की मुंग्या का येतात, तर गोळीचा पूर्ण भाग टेकत नाही, दोन-चार ठिपक्यांतून सगळा प्रवाह आत घुसतो, तेवढ्याच जागेत त्याची दाटी होते आणि मग टोचतं. म्हणून कंजूषपणा न करता जेल परत लावायचं, पाण्याचा फवारा मारला तरी चालतं.

मला न समजलेली गोष्ट वेगळीच आहे. "जिम" म्हणतात पण स्नायू आकुंचन पावायला जो प्रवाह लागतो तो मिलिअँपिअरमध्ये असतो. फिजिओथेरपीत जे ईएमएस मशीन लावतात त्यात स्नायू उडताना डोळ्यांनी दिसतो. मायक्रोकरंटमध्ये काहीच उडत नाही. व्यायाम न करता व्यायामाचा फायदा कसा होतो हे कुणी सांगेल का?

भुवई_कमान
मी या व्यवसायात आहे, तेव्हा माझा कल गृहीत धरून वाचा. आम्हाला कोर्सला असं शिकवतात की मायक्रोकरंटने स्नायू उडवायचा नसतो, त्याला "री-एज्युकेट" करायचं असतं, म्हणजे जिथे स्नायू सैलावलाय तिथे दोन्ही टोकं जवळ आणून धरायचं आणि जिथे कायम ताठ राहतो, उदाहरणार्थ दोन भुवयांच्या मधे, तिथे टोकं लांब नेऊन त्याला सोडवायचं. ते शास्त्रात कितपत बसतं यावर ओहमकारांशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण रोज चेहरे बघते त्यावरून सांगते.

फरक कुणाला दिसतो? ज्यांची त्वचा अजून बऱ्यापैकी घट्ट आहे, चेहऱ्याला सकाळची सूज येते, किंवा थकव्याने सगळं खाली ओढल्यासारखं दिसतं. त्यांचा चेहरा एका सिटिंगनंतर जागा झाल्यासारखा होतो. ज्यांचं वजन पटकन उतरलंय आणि कातडी मोकळी झालीये त्यांना मी सरळ सांगते की यात तुमचे पैसे घालू नका, कारण मोकळी कातडी कुठलाच करंट गोळा करून आणत नाही. जबड्याखालच्या पिशव्या या दोन्हीच्या मधल्या, थोड्या असतील तर फोटोपुरत्या बऱ्या दिसतात.

आणि आरसपानी, जी बाई तब्येतीचं काही न विचारता सरळ खुर्चीत बसवते तिच्याकडून उठून या. पेसमेकर आहे का, फिट येतात का, दिवस गेलेत का, चेहऱ्यात प्लेट किंवा स्क्रू आहे का, कॅन्सरचे उपचार चाललेत का, एवढं विचारलंच पाहिजे.

पार्लरचं मशीन की घरचं? मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. पार्लरच्या मशीनला दोन सुट्या दांड्या असतात, एक हात वरून धरतो एक खालून ढकलतो, त्यामुळे मधला भाग चिमटीत पकडता येतो. घरच्याला दोन गोळ्या एकाच मुठीत, अंतर ठरलेलं, त्यामुळे फक्त सरकवणं होतं. पण घरचं आठवड्यातून पाच वेळा करता येतं आणि या प्रकारात वारंवारता नसेल तर काहीच उरत नाही.

सालपापुद्रा
धाग्यावर उशिरा आले. त्वचारोगतज्ज्ञ आहे. मायक्रोकरंट करत नाही, विकत नाही, तरी बोटॉक्स करते म्हणून माझाही कल गृहीत धरा.

ओहमकार, तुमचा प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. जाहिरातीत "पेशींची ऊर्जा ५०० टक्के वाढते" असं वाचलं असेल सगळ्यांनी. ते आलं कुठून तर १९८२ च्या एका प्रयोगातून. बेल्जियममधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या त्वचेचे कापलेले तुकडे घेतले, त्यातून वेगवेगळे प्रवाह सोडले आणि एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, मोजलं. ५०० मायक्रोअँपिअरच्या आसपास ते जवळपास पाचपट झालं, प्रथिनं बनण्याचा वेगही वाढला, आणि प्रवाह मिलिअँपिअरमध्ये गेला तेव्हा फायदा आटला, पुढे तर उलटा परिणाम दिसला. प्रयोग चांगला आहे, कमी प्रवाह जास्तीपेक्षा बरा ही कल्पना तिथूनच पक्की झाली. पण तो उंदराच्या बशीतल्या त्वचेचा प्रयोग आहे. जिवंत माणसाच्या गालावर, जेलमधून, काही मिनिटं फिरत्या गोळीने तेवढं एटीपी वाढतं आणि वाढलं तरी त्याने जबड्याची रेघ वर जाते, ही पुढची दोन्ही पावलं कुणी नीट टाकून दाखवलेली नाहीत. चेहऱ्यावरचे अभ्यास आहेत पण छोटे, आणि बऱ्याचशांत तुलनेसाठी खोटं यंत्र लावलेला गट नाही.

दुसरा मुद्दा स्नायूंचा. चेहरा खाली येतो तो स्नायू ढिले पडल्यामुळेच, असं धरून "जिम" विकली जाते. प्रत्यक्षात वयाबरोबर चेहऱ्याची हाडं झिजतात, डोळ्याची खोबण रुंदावते, जबड्याचं हाड मागे सरकतं, गालातल्या चरबीच्या गाद्या काही ठिकाणी आटतात आणि काही खाली घसरतात, त्यांना धरणारे बंध सैलावतात, आणि वर त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत ३० टक्क्यांपर्यंत कोलॅजन जातं. यातलं हाड, चरबी आणि बंध यांना मायक्रोकरंट हात लावेल कसा?

आणि विचार करा, स्नायू बळकट केल्याने सुरकुत्या जात असत्या तर बोटॉक्स चाललंच नसतं. बोटॉक्स भुवयांमधला स्नायू झोपवतं म्हणून तिथली आठी जाते, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २००२ साली त्याला याच आठीसाठी मान्यता दिली. एकीकडे स्नायू झोपवून तरुण दिसायचं आणि दुसरीकडे जागवून, दोन्ही एकाच जागी खरं असू शकत नाही. (गालाच्या वरच्या भागात स्नायू थोडा भरीव झाला तर पोकळी भरल्यासारखं दिसू शकतं, तेवढी शक्यता मी सोडते.)

आरसपानी, तुमच्या बहिणीचं म्हणणं निराधार आहे. बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त लोंबायला काही कारणच नाही. परिणाम ओसरतो आणि मूळ चेहरा परत दिसतो, तो डोळ्याला आता नवा वाटतो इतकंच.

मंजिरी_
डॉक्टर, सगळं मान्य, पण मग मला आरशात जे दिसतं ते काय? मी काही कल्पना करत नाहीये, घरातले विचारतात आज काय केलंस म्हणून.

सालपापुद्रा
दिसतं ते खरंच आहे, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न आहे. तुम्ही गुळगुळीत जेल लावून चेहरा खालून वर, आतून बाहेर सावकाश दाबत नेता. त्याने पेशींच्या मधे साचलेलं पाणी कानाजवळच्या आणि मानेतल्या लसीकावाहिन्यांकडे (ते पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) सरकतं, सूज उतरते, रक्तप्रवाह वाढतो, चेहऱ्यावर तजेला येतो. जेल वाळताना त्याचा पातळ थर ताणून बसतो आणि बारीक रेषा झाकतो. हे सगळं काही तासांचं असतं, तुमच्या दुपारच्या हिशोबाशी जुळतं. यात करंटचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही, तो वेगळा काढून दाखवलेला नाही एवढंच.

ओहमकार
वेगळा काढता येईल की घरच्या घरी. मंजिरी_ तयार असतील तर असं करा. दोन्ही गालांना सारखंच जेल, सारख्याच रेघा, सारखाच दाब, पण एका बाजूला यंत्र चालू आणि एका बाजूला बंद. चालू-बंद दुसऱ्याने करायचं आणि कुठली बाजू चालू होती ते तुम्हाला सांगायचं नाही. बीप वाजत असेल तर कानात गाणी लावा. मग खिडकीसमोर त्याच जागी उभं राहून फोटो, फोन डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला, हनुवटी वर करायची नाही (हनुवटी अर्धा इंच पुढे काढली की जबडा आपोआप सुधारतो, आधी-नंतरचे निम्मे फोटो त्यावरच चालतात). आणि फोटो बघून कुठली बाजू वर आहे ते तिसऱ्याने सांगायचं. दर वेळी बाजू नाणं उडवून ठरवा.

मंजिरी_
हे भारी आहे. करते आणि सांगते. नवरा बटण दाबायला, बहीण फोटो बघायला.

उनाडवारा
नवऱ्याच्या हाती बायकोचं स्विच देणारा हा पहिलाच शास्त्रीय प्रयोग असावा.

कुतूहलराव
थोडं अवांतर, पण विजेचा आणि त्वचेचा संबंध थापा नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ द्यु ब्वा-रेमाँ याने १८४३ मध्ये स्वतःच्या बोटाला जखम करून तिथून निघणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजला होता. अखंड त्वचेच्या आत-बाहेर काही मिलिव्होल्टचा फरक असतो, कापलं की तिथे शॉर्ट होतं आणि प्रवाह जखमेकडे वाहायला लागतो, आणि पेशी त्या दिशेने सरकतात. न भरणाऱ्या जखमांवर वीज देऊन बघण्याचं संशोधन याच कल्पनेवर उभं आहे.

आणि चेहऱ्याला वीज लावणाऱ्यांचे मूळपुरुष म्हणजे फ्रान्सचे डॉक्टर दुशेन. त्यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याचे एकेक स्नायू विजेने आकुंचित करून भावना कशा दिसतात त्याचे फोटो प्रसिद्ध केले. खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूशिवाय होत नाही हे त्यांचंच निरीक्षण, त्याला अजून दुशेनचं हसू म्हणतात. त्यांचा प्रवाह मात्र चांगलाच जोरदार होता, फोटोतल्या माणसाचा चेहरा पार वाकडातिकडा होतो. म्हणजे ओहमकार म्हणतात तेच, स्नायू हलवायचा तर एवढ्याशा करंटने भागत नाही.

भुवई_कमान
मस्त माहिती. पण जखम भरणं आणि सुरकुती भरणं एक नव्हे हे आम्हाला शिकवताना कुणी बोललं नव्हतं. तिथे जखमांचेच दाखले देऊन फेशियल विकायला शिकवतात. आणि बेल्स पाल्सी, म्हणजे अर्धा चेहरा लुळा पडतो ना, त्याच्यासाठी हे तंत्र निघालं असंही सांगतात.

सालपापुद्रा
बेल्स पाल्सीत विजेचे उपचार खूप वर्षं दिले गेले हे खरंय, पण २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात (सगळे अभ्यास एकत्र तपासतात तो) त्यांचा ठोस फायदा दाखवणारा दर्जेदार पुरावा मिळाला नव्हता. तो आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, त्यामुळे त्या काळात काहीही लावलं तरी श्रेय त्याला जातं. कुणाचा चेहरा अचानक वाकडा झाला तर यंत्र शोधू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पक्षाघातही असू शकतो.

लवचिक
मग चेहऱ्याचे व्यायामच का करू नयेत? फुकट आहेत. त्यावर अभ्यास झालाय ना?

सालपापुद्रा
झालाय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा, २०१८ साली प्रसिद्ध झाला. ४० ते ६५ वयाच्या २७ बायका घेतल्या, २० आठवडे व्यायाम, सुरुवातीला रोज अर्धा तास. शेवटपर्यंत टिकल्या १६. त्यांचे फोटो बघून डॉक्टरांनी अंदाजलेलं सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आलं, गाल थोडे भरलेले दिसले, जबडा आणि मान यांत फारसा फरक नाही. व्यायाम न करणारा गट नव्हताच, आणि ११ बायका मधेच सोडून गेल्या. रोज अर्धा तास तोंड वेडंवाकडं करायची चिकाटी असेल तर करा, तोटा नाही. पण याचा दाखला मायक्रोकरंटवाले देतात तो चुकीचा, यात स्नायू खरोखर काम करत होते.

कुंपणावरचा
आणि ते डब्यावर "एफडीए" छापलेलं असतं त्याचं काय? तेवढ्यावर विश्वास ठेवून आमच्याकडे एक आलंय.

सालपापुद्रा
अशा यंत्रांना बहुधा ५१०(के) या मार्गाने परवानगी मिळते. त्यात कंपनीला दाखवावं लागतं की आमचं यंत्र आधीच बाजारात असलेल्या अमुक यंत्रासारखंच आहे आणि तितकंच सुरक्षित आहे. नव्या औषधाला जशा मोठ्या चाचण्या द्याव्या लागतात तसं इथे नसतं. म्हणजे त्या छापावरून तुम्हाला कळतं की करंट वाजवी मर्यादेत आहे, भाजणार नाही. सुरकुत्या जातील याची हमी त्यात शोधू नका. तरी तो छाप नसलेल्या बिननावाच्या यंत्रापेक्षा असलेलं बरं, कारण बिननावाच्या यंत्रात किती करंट येतोय ते कुणालाच ठाऊक नसतं.

कुणी वापरू नये हे भुवई_कमान यांनी लिहिलंय, त्यात थोडी भर. पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं, झटका देऊन हृदयाचे ठोके सावरणारं डिफिब्रिलेटर असेल तर नाहीच, कंपनीने काहीही लिहिलं असलं तरी. अपस्मार, गरोदरपण, चेहऱ्यावर किंवा मानेत कॅन्सर असेल किंवा होता, तिथे मेंदूच्या, बाळंतपणाच्या, कॅन्सरच्या आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गळ्याच्या मधोमध, घाटीवर आणि थायरॉइडवर फिरवायचं नाही, मानेच्या बाजूला जिथे नाडी लागते तिथे दाबायचं नाही, त्याने रक्तदाब एकदम पडून चक्कर येऊ शकते. डोळ्याच्या खोबणीच्या आत नाही, डोळ्यांसमोर जे चमकतं ते दृष्टिपटलाला करंट पोचल्याचं लक्षण आहे, इजा होत नसली तरी दूर राहावं. पिकलेले पुरळ, उघडी जखम, उन्हाने भाजलेली त्वचा, यांवर नाही. बोटॉक्स किंवा फिलर घेतलं असेल तर निदान दोन आठवडे थांबा आणि टोचणाऱ्या डॉक्टरला विचारा.

आरसपानी
बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. आता मनात असं येतंय की पॅकेज घ्यायचं नाही, भाचीच्या लग्नाआधी एक सिटिंग घेऊन बघेन कारण हौस आहे. पण डॉक्टर, मग माझ्या या पिशव्यांना बिनसुईचं काहीच नाही का? खरं सांगा.

सालपापुद्रा
पिशव्या वर उचलणारं बिनसुईचं, बिनकापाचं असं भरवशाचं काही नाही. रेडिओलहरींनी उष्णता देणारी आरएफ यंत्रं, अल्ट्रासाउंडवर चालणारं हायफू ही त्वचेत खोलवर उष्णता देऊन कोलॅजन आक्रसवतात आणि नवं तयार व्हायला लावतात, थोडा फरक पडतो, माणसागणिक वेगळा, आणि हायफू दुखतं. ते डॉक्टरकडेच.

त्वचेच्या पोतासाठी मात्र भक्कम पुरावा असलेल्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही कंटाळवाण्या. एक सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांना चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलं, काहींनी रोज लावायचं, काहींनी मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय मोजण्याइतकं वाढलेलंच नव्हतं, हे २०१३ मध्ये छापून आलं. दुसरं ट्रेटिनॉइन, रात्री लावायचं मलम, उन्हाने म्हातारी झालेली त्वचा त्याने सुधारते यावर १९८० च्या दशकापासून अभ्यास आहेत. ते डॉक्टरच्या सल्ल्याने, गरोदरपणात नाही, आणि सुरुवातीला साल निघते, लाली येते. ज्या रात्री त्वचा झोंबतेय त्या रात्री मायक्रोकरंट नको.

भुवई_कमान
सनस्क्रीनवर माझंही अनुमोदन. फेशियलला येतात आणि उन्हात तशाच निघून जातात, मग मी काय करणार.

आरसपानी, लग्नासाठी घेणार असाल तर पहिलं सिटिंग त्याच दिवशी घेऊ नका, निदान आठवडाभर आधी एक करून बघा, जेलची ॲलर्जी निघाली तर लग्नात लाल चेहऱ्याने फिराल. मानवलं तर आदल्या संध्याकाळी किंवा त्या सकाळी.

मंजिरी_
निकाल घेऊन आले! ओहमकारांनी सांगितल्याप्रमाणे केलं, पुन्हा पुन्हा केलं. बहिणीला फोटो दाखवले. जबड्याच्या बाबतीत तिला चालू बाजू ओळखता आली नाही, एकदा हो एकदा नाही असं चाललं होतं. दोन्ही बाजूंची सूज सारखीच उतरलेली. भुवईच्या बाबतीत मात्र तिने बऱ्याचदा चालू बाजूच बरोबर सांगितली. आता याचा अर्थ काय लावायचा तुम्हीच सांगा. माझी एक भुवई मुळात वर आहे हे नंतर लक्षात आलं पण नाणं उडवून बाजू बदलत होतो ना.

ओहमकार
नाणं उडवलंत म्हणजे मूळची उंच भुवई दोन्हीकडे वाटली गेली, ते ठीक. पण नाणं एकाच बाजूला जास्त वेळा पडलं असेल तर अजून घोळ आहे. नोंदी ठेवल्या असतील तर बघा चालू बाजू कितीदा त्या उंच भुवईची होती. तरी मनापासून कौतुक, जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो एवढी शिस्त पाळत नाहीत.

सालपापुद्रा
भुवईचं मला अगदीच अशक्य वाटत नाही. कपाळाचा स्नायू पातळ आहे, हाडाला न चिकटता थेट त्वचेत गुंतलेला आहे, आणि भुवई वर उचलणारा तो एकटाच. तिथे काही घडत असेल तर इतरांपेक्षा आधी दिसेल. पण हा तर्क झाला, मंजिरी_, तुमच्या नोंदी बघू आधी.

मंजिरी_
नोंदी नवऱ्याकडे आहेत आणि त्याने कागद कुठे ठेवलाय ते त्याला आठवत नाहीये.

उनाडवारा
विज्ञानाचं नेहमी असंच होतं.

खुंट_दाढी
पुरुषांनी विचारलं तर हसू नका. दाढीवर हे चालतं का? गालावर केस आहेत तिथे करंट पोचतो का?

भुवई_कमान
हसत नाही, येतात माझ्याकडे पुरुष. वाढलेल्या दाढीत गोळी त्वचेला नीट टेकत नाही, कितीही जेल घातलं तरी मधे हवा राहते आणि टोचतं. खुंट असेल तर जेल दुप्पट. नुकतीच दाढी केली असेल तर चांगलंच झोंबतं, त्यामुळे आदल्या दिवशी करून या. पूर्ण दाढी ठेवली असेल तर मी फक्त कपाळ आणि डोळ्यांच्या बाजू करते, आणि जबडा तसाही दाढीखाली झाकलेला असतो तेव्हा तिथे पैसे घालवू नका.

खुंट_दाढी
म्हणजे दाढी वाढवणं हेच स्वस्त फेसलिफ्ट. आभार.